शेजार पुरेसा नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांनी शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिने घडविली. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या वाढल्या आणि येथील ओतीव भाग मोटारी, ट्रॅक्टर व पंप यांत बसू लागले. अशा ठिकाणी एका कारखान्यातला मेस्त्री दुसऱ्यात गेला की त्याच्याबरोबर कसबही जाते. वाळू पुरविणारा, साचे करणारा आणि कातकाम करणारा हाकेच्या अंतरावर सापडतो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये उद्योगांच्या शेजाराचा हाच लाभ वर्णिला होता.

परंतु शेजारामुळे पसरते ती असलेली विद्या. नवी विद्या त्यातून आपोआप जन्मत नाही. सर्वांनी एकमेकांकडे पाहूनच शिकावयाचे ठरविले, तर चुकाही सर्वांच्या सारख्याच राहतात. कोहेन व लेव्हिंथाल या अभ्यासकांनी १९९० मध्ये असे प्रतिपादन केले की, बाहेरचे ज्ञान ओळखून ते पचविण्याची शक्ती संस्थेच्या स्वतःच्या पूर्वाभ्यासावर अवलंबून असते.

ओतकामात याचा प्रत्यय येतो. ओतीव भागात पोकळी राहिली, तर दोष वाळूतील ओलाव्याचा, धातूच्या तापमानाचा की रस वाहण्याच्या वाटेचा, हे शोधावे लागते. ज्याने दररोज या गोष्टींची नोंद ठेवली, त्याला संगणकावर ओतकामाची पूर्वपरीक्षा करणाऱ्या प्रणालीचा खरा उपयोग होतो. ज्याने सदोष भाग मुकाट्याने पुन्हा भट्टीत टाकला, त्याच्या चुकीतला धडाही लोखंडाबरोबर वितळून जातो.

केंद्र सरकारच्या समूह विकास योजनेतून सामाईक चाचणी केंद्रांना साहाय्य मिळते, ही चांगलीच गोष्ट होय. तथापि, यंत्र सामाईक असू शकते. जिज्ञासा ज्याची त्यालाच जोपासावी लागते. लहान कारखान्याने निदान एक अभियंता रोजच्या उत्पादनाच्या धबडग्यातून मोकळा ठेवावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही शेजारच्या फौंड्रीतला नाकारलेला भाग विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा विषय करावा.

हा प्रश्न केवळ नफ्याचा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजिनाचा ओतीव ठोकळा लागत नाही. ग्राहकाच्या आराखड्याबरहुकूम माल देण्यापलीकडे जे गेले नाहीत, त्यांना मागणी बदलताच नवे काम शोधणे अवघड जाईल. आणि त्या दिवशी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला शेजारच्या कारखान्यातही काम मिळणार नाही. कारण तोही त्याच मालावर जगत असेल.