पांढऱ्या उंदरिणीचें बाळंतपण

बाळंतिणीच्या खोलीस आपल्या घरांतून एक मर्यादा असते. आंत उजेड मंद असावा, आल्यागेल्यानें उंबऱ्याशींच चौकशी करावी, तान्ह्या बाळास ज्यानें त्यानें उचलूं नये, हे नियम घरांतील वडील बायका न बोलतां पाळवितात. मुलांच्या हौसेखातर पाळलेली पांढरी उंदरीण व्याली म्हणजे मात्र हें शहाणपण आपण विसरतों. पेटीचें झांकण घटकोघटकीं उघडलें जातें, शेजारचीं मुलें बोलाविलीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं एखादें पिलूं नाहींसें झालें कीं, 'आई कसली, वैरीण ती!' असा ठपका तिजवर येतो. हा ठपका बहुधा अन्यायाचा असतो, हेंच येथें सांगावयाचें आहे.

उंदरिणीचे दिवस १९ ते २१ दिवसांत भरतात. त्यापूर्वींच ती कागद, गवत, जें मिळेल तें कुरतडून घरटें रचूं लागते. मोर्शी-वरुडाकडे कापूस घरोघर हाताशीं. तेव्हां मऊ बिछाना म्हणून तोच पेटींत घालण्याचा मोह होतो. पण पिंजलेल्या कापसाचे तंतू पिलांच्या काडीसारख्या पायांभोंवतीं गुंडाळतात व त्यांचा फास बसतो. त्यापेक्षां कोऱ्या मऊ कागदाच्या पट्ट्या पुष्कळ बऱ्या.

एका वेतास बहुधा ६ ते ८ पिलें होतात. प्रत्येकाचें वजन एक-दीड ग्रॅम. अंगावर लव नाहीं, डोळे मिटलेले, कानही बंद. कातडी इतकी पातळ कीं, पोटांतील दूध पांढऱ्या ठिपक्यासारखें बाहेरून दिसतें. तो ठिपका एकदां दिसला कीं आई पाजते आहे असें समजावें व झांकण लावून घ्यावें. या पिलांना आपण होऊन लघवीही करतां येत नाहीं. आई पोटाखालीं चाटते तेव्हांच ती होते. घरट्याबाहेर पडलेलें पिलूं गारठलें म्हणजे साद घालतें. ती सेकंदास २०,००० कंपनांहून वरच्या सुरांतील असल्यामुळें आपणांस ऐकूं येत नाहीं, आईला येते. ती धांवत येऊन पिलूं तोंडांत धरते आणि घरट्यांत नेऊन ठेवते. मुलें हें पाहून 'खाल्लें, खाल्लें' म्हणून ओरडतात व पेटी हलवितात. खरें संकट येतें तें त्या ओरड्यामुळें!

दुसरा आक्षेप असा कीं, ती पिलांना टाकून दूर जाऊन पडते. वैशाखांत वऱ्हाडचा पारा ४० अंशांच्या वर चढतो, तेव्हां हें विशेष दिसतें. दूध तयार होतांना आईच्या शरीरांत पुष्कळ उष्णता उत्पन्न होते, आणि पिलांच्या ढिगावर बसून ती बाहेर पडत नाहीं. प्रयोगशाळेंतील मोठ्या जातीच्या उंदरांवर मायकेल लिऑन व त्यांचे सहकारी यांनीं केलेले प्रयोग १९७८ सालीं प्रसिद्ध झाले. अंग तापलें कीं आई घरटें सोडते व निवल्यावर परत येते, असें त्यांत आढळून आलें. म्हणजे तिचें उठून जाणें ही निष्काळजी नव्हे. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, तळमजल्यावरील सावलींत ठेवावी. कूलरचा झोत थेट अंगावर येऊं देऊं नये. आणि पाण्याची बाटली कधींही कोरडी पडूं देऊं नये.

आतां मुख्य आरोपाकडे वळूं. उंदरीण कधीं कधीं पिलूं खाते, हें खोटें नाहीं. मेलेलें वा अगदीं अशक्त पिलूं, पाण्याची वा अन्नाची टंचाई, आणि भय, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. सन १९३० मध्यें प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनीं सीरियांतील अलेप्पोजवळ जमिनीखालचें घरटें उकरून हॅमस्टरची एक मादी व तिचीं ११ पिलें मिळविलीं. पेटींत घातल्यावर जवळ आलेल्या पहिल्याच पिलाचा आईनें प्राण घेतला. तिला वेगळें करून उरलेलीं पिलें हातानें वाढवावीं लागलीं. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांपैकीं बहुतेकांचा वंश त्यांच्यापासूनच चालला आहे. जिचें घर खणून काढलें, तिला दोष द्यावा कीं खणणाऱ्याला, हें वाचकांनींच ठरवावें.

आईच्या चाटण्याचा परिणाम पिलाच्या स्वभावावरही होतो. कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं दाखविलें कीं, ज्या पिलांना आईनें अधिक चाटलें तीं मोठेपणीं संकटांत कमी बावरतात. पुढें १९९९ सालीं असेंही दिसून आलें कीं, कमी चाटणाऱ्या आईचीं पिलें अधिक चाटणारीच्या कुशींत दिलीं तर तीं त्या पाळणाऱ्या आईचें वळण घेतात. दत्तक घरांतही माया लागते, हें आपणांस नवें नाहीं. उंदरांतही तें खरें ठरलें एवढेंच.

तेव्हां गृहिणींनीं इतकें करावें. प्रसूतीपूर्वींच नरास वेगळ्या पेटींत ठेवावें, कारण प्रसूतीनंतर एका दिवसांतच उंदरीण पुनः गाभण राहूं शकते, आणि एकाच वेळीं पाजणें व पोटांत वाढविणें हा भार तिला जड जातो. दाणापाणी भरपूर द्यावें. पहिला आठवडा पेटीची सफाई करूं नये; फक्त भिजलेला कोपरा हलक्या हातानें काढावा. पांच-सहा दिवसांत पिलांना लव येते, सुमारें १४ व्या दिवशीं डोळे उघडतात, आणि २१ दिवसांनीं दूध तुटतें. चौथ्या आठवड्यांत नर-मादी निराळीं करावीं, नाहींतर महिन्याभरांत पेटी अपुरी पडेल! डोळे उघडल्यानंतर मुलांना खुशाल हात लावूं द्यावा. तोंवर रोज सायंकाळीं एकदां, दबल्या पावलांनीं येऊन, जाळींतून पाहण्याची परवानगी त्यांना पुरे आहे.