सत्तेचा त्रिकोण आणि बंगळूरची जमीन

बंगळूरच्या मोठ्या सरकारी कारखान्यांत नोकरी लागलेल्या मनुष्याच्या मनात एके काळी एक इच्छा हटकून असे : तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अशा जमिनीच्या एका तुकड्याची. या तुकड्याला तेथील बोलीत ‘साइट’ म्हणतात. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० मध्ये, टेलिफोनचा कारखाना १९४८ मध्ये, एच.एम.टी. १९५३ मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये, असे कारखाने उभे राहत गेले व त्यांच्याबरोबर शहरही वाढत गेले. १९७६ साली नगरविकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. परंतु मागणीच्या मानाने त्याच्याकडून मिळणाऱ्या साइटी थोड्याच. तेव्हा नोकरवर्गाने एकत्र येऊन गृहनिर्माण सहकारी संस्था काढाव्यात आणि संस्थेने जमीन मिळवून ती सभासदांत वाटावी, हा मार्ग पुढे आला. यात आक्षेपार्ह असे काहीच नव्हते.

अडचण होती ती जमीन मिळविण्याची. शहराभोवतालची जमीन शेतकऱ्यांची. ती बाजारभावाने घ्यावी तर सभासदांना परवडत नसे, आणि सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घ्यावी तर त्यासाठी ‘सार्वजनिक प्रयोजन’ सिद्ध व्हावे लागे. १९८४ च्या दुरुस्तीने सहकारी संस्थेची गृहयोजनाही सार्वजनिक प्रयोजनात गणली जाऊ लागली. अट एवढीच की, योजनेला सरकारची पूर्वसंमती हवी. मग प्रारंभिक अधिसूचना, हरकती, अंतिम अधिसूचना आणि ताबा असा क्रम. या क्रमातील प्रत्येक पायरीवर कोणा तरी अधिकाऱ्याची वा मंत्र्याची सही लागे. काही संस्थांनी या सह्या मिळवून देण्याचे काम सरळ मध्यस्थांकडे सोपविले, आणि तसे लेखी करारही केले. सरकारी कागद जसजसा पुढे सरकेल तसतसे मध्यस्थाला पैसे मिळावयाचे! मध्यस्थाजवळ विकण्यासारखी जमीन नव्हतीच. त्याने विकावयास काढली होती ती शासनाची इच्छा.

हा प्रकार नीट उमजण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे वळणे उपयोगी पडेल. तेथील राज्यशास्त्रज्ञ ज्याला ‘लोखंडी त्रिकोण’ म्हणतात, त्याचे तीन कोन असे : काँग्रेसमधील एखादी समिती, त्या विषयाचे सरकारी खाते, आणि त्या विषयात हितसंबंध गुंतलेला धंदेवाईकांचा संघ. समिती खात्याला पैसा मंजूर करते. खाते संघाला अनुकूल असे नियम राबविते. संघ समितीच्या सभासदांना निवडणुकीत साहाय्य करतो आणि खात्याच्या मागण्यांचीही पाठराखण करतो. यातील बहुतेक व्यवहार कायदेशीर असतो, हे विसरता कामा नये. अध्यक्ष बदलतात, पक्ष बदलतात, त्रिकोण मात्र राहतो. अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात सैन्य आणि शस्त्रनिर्मितीचे कारखानदार यांच्या वाढत्या वर्चस्वाविषयी जो इशारा दिला, तो याच जातीच्या युतीविषयी होता.

डग्लस केटर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दिलेले उदाहरण साखरेचे आहे. १९३४ च्या कायद्याने अमेरिकेत कोणाची किती साखर विकली जावी याचे वाटे ठरत. बीटवाले, उसवाले आणि परदेशी उत्पादक या सर्वांचे वाटे. हे वाटे ठरविताना प्रतिनिधिगृहाची शेतकी समिती, शेतकी खात्यातील साखर विभाग आणि साखर उत्पादकांचे वकील एवढ्यांतच बहुतेक निर्णय होत. परदेशी सरकारांनाही वॉशिंग्टनमध्ये वकील नेमावे लागत. ही व्यवस्था १९७४ पर्यंत टिकली. तिचा भार गिऱ्हाइकावर पडे. पण दर पौंडामागे दोन पैसे जास्त पडले म्हणून कोणी मोर्चा काढीत नाही. हानी लक्षावधी घरांत विखुरलेली, लाभ मात्र मूठभरांत एकवटलेला. त्रिकोणाचे बळ या विषमतेत आहे.

आता बंगळूरकडे परत यावे. तेथे त्रिकोणाचा एक कोन अमेरिकेसारखा दिसत नाही, तो विधिमंडळाच्या समितीचा. आपल्या पद्धतीत मंत्री विधिमंडळातूनच येतो, आमदार पक्षादेशाने बांधलेला असतो आणि विधिमंडळाच्या समित्या बहुधा झालेल्या खर्चाची मागाहून तपासणी करतात; खात्याची तिजोरी त्यांच्या हाती नसते. म्हणून ज्याला काम करून घ्यावयाचे तो समितीकडे जात नाही, मंत्र्याच्या दालनाकडे जातो. आणि समितीच्या रिकाम्या जागी मध्यस्थ येऊन बसतो. महाराष्ट्रातील वाचकाला याचे निराळे रूप ठाऊक आहे : तेथे साखर कारखान्याचा अध्यक्षच आमदार होतो, प्रसंगी मंत्रीही होतो, आणि तिन्ही कोन एकाच खुर्चीत येऊन मिळतात.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. साखरेच्या गिऱ्हाइकाप्रमाणे बंगळूरच्या शेतकऱ्याचे नुकसान विखुरलेले नव्हते. त्याचे सर्वस्व एकाच अधिसूचनेने जात होते. म्हणूनच तो न्यायालयात गेला. जी.व्ही.के. राव यांच्या चौकशीत संस्थांच्या सभासदत्वातील अनियमितता उघडकीस आलीच होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने अशी संपादने रद्द केली, आणि १९९५ साली एच.एम.टी. कामगारांच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. योजनेला पूर्वसंमती नव्हती; शिवाय निर्णयप्रक्रियेत ज्यांना काही स्थान नाही अशांच्या सांगण्यावरून सरकारी अधिकार वापरला गेला होता, असे न्यायालयाने म्हटले. दाद मागितलेल्या व न मागितलेल्या सर्वच मालकांना जमिनी परत द्याव्यात आणि त्यांनी घेतलेला मोबदला फेडावा, असा आदेश झाला. ज्या सामान्य सभासदांनी साइटीच्या आशेने पैसे भरले होते, त्यांच्या पदरी निराशा आली. त्यांचा दोष एवढाच की, आपल्या नावाने काय चालले आहे हे त्यांनी विचारले नव्हते.

परंतु जेथे शेतकरी वादी नाही तेथे काय होते? शहरातील तळी, गोमाळ म्हणजे गुरचरणे आणि सरकारी पड जमीन यांना एक असा मालक नाही. त्या बळकावल्या गेल्या तर हानी सर्व नगराची, म्हणजे साखरेप्रमाणेच विखुरलेली. तिचा शोध घ्यावयास २००५ साली ए.टी. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली विधिमंडळाची संयुक्त समिती नेमली गेली. अमेरिकेत जी समिती त्रिकोणाचा कोन असते, तीच येथे त्रिकोणावर बाहेरून प्रकाश टाकू लागली! संपादनातून जमिनी मुक्त करण्याच्या सरकारी निर्णयांवर महालेखापरीक्षकांनीही २०१२ साली अहवाल दिला. पुढे जमीन बळकावण्याविरुद्ध कायदा झाला आणि २०१६ साली बंगळुरात त्यासाठी खास न्यायालय सुरू झाले. तेथे सरकारी जमिनीसाठी तक्रार घेऊन येणारा बहुधा तहसीलदार असतो, ज्या महसूल खात्याच्या दप्तरातून ती जमीन निसटली त्याच खात्याचा.