अवघड मैदान कशासाठी?

मंडळी, स्कॉटलंडला गोल्फ खेळायला निघालात तर सेंट अँड्र्यूजबरोबर कार्नूस्टीही घ्यावं का? बर्नार्ड सूट्स हा तत्त्वज्ञ म्हणतो, अनावश्यक अडथळे स्वखुशीनं ओलांडणं म्हणजे खेळ. नाहीतर चेंडू हातानंच होलमध्ये टाकता येतो की! तेव्हा अडथळा हवाच, पण झेपणारा. कार्नूस्टीच्या अठराव्या होलवर बॅरी बर्न हा ओढा आडवा येतो. १९९९च्या ओपनमध्ये व्हान द वेल्डला तिथे सहा फटके पुरले असते. लागले सात, आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद गेलं. व्यावसायिकाची ही गत! म्हणून निवडताना स्लोप रेटिंग बघा : ५५ ते १५५, प्रमाण ११३. आकडा जितका मोठा, तितकं ते मैदान तुमच्याआमच्यासारख्यांना जास्त जड. टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, बदलली की आकडाही बदलतो. अहो, पुढच्या टीवरून खेळलात तरी ओढा तिथेच असतो!