टू-पाउंडर तोफ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टू-पाउंडर ही दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या टप्प्यातली ब्रिटिश लष्कराची मुख्य रणगाडाविरोधी तोफ. व्हिकर्स कंपनीने तिचा आराखडा केला आणि १९३६ मध्ये ती सैन्यात दाखल झाली. नळीचा व्यास ४० मिलिमीटर, लांबी व्यासाच्या ५० पट, म्हणजे सुमारे दोन मीटर. चाकांच्या गाड्यावर बसवून ती तोफखान्याला मिळाली आणि माटिल्डा, व्हॅलेंटाइन, क्रुसेडर या रणगाड्यांच्या बुरुजांतही तीच बसली. त्यामुळे १९३९ ते १९४२ या काळात ब्रिटिश सैन्याने शत्रूच्या रणगाड्यांवर केलेल्या माऱ्याचा बहुतेक भार या एकाच नळीवर होता. तिची बदनामीही तितकीच व्यापक आहे. पण तिच्यावरचे बहुतेक शेरे १९४१-४२ च्या लिबियाच्या वाळवंटातले असून ते १९३६ च्या आराखड्याला चिकटवले जातात. निम्मे गैरसमज या तारखांच्या घोळातून आले आहेत.

नावाचा घोळ

गोळ्याच्या वजनावरून तोफेला नाव देण्याची ब्रिटिश पद्धत जुनी होती. तरीही टू-पाउंडरचा गोळा बरोबर दोन पौंडांचा नव्हता. तिचा चिलखतभेदी गोळा १.०८ किलोचा, म्हणजे दोन पौंडांहून थोडा जड होता. याच नावाची एक नौदलाची विमानविरोधी तोफही होती. जहाजांवरची ती ‘पॉम-पॉम’ आणि ही रणगाडाविरोधी तोफ यांचा व्यास एकच, पण काडतुसे अगदी वेगळी. प्रसिद्ध बोफोर्स विमानविरोधी तोफही ४० मिलिमीटरचीच, आणि तिचे काडतूसही तिसरेच. एकीचा दारूगोळा दुसरीत चालत नसे. केवळ व्यास पाहून या तिघींची तुलना करणारे तक्ते म्हणूनच निरुपयोगी ठरतात.

‘ही तोफ पहिल्यापासूनच कुचकामी होती’

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत चुकीचा समज. टू-पाउंडरचा गोळा सेकंदाला सुमारे ७९२ मीटर वेगाने नळीबाहेर पडे. ५०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६० मीटरवर, ३० अंश तिरप्या लागलेल्या साध्या पोलादी चिलखतात तो ५० मिलिमीटरहून थोडा अधिक शिरे. त्याच काळातली जर्मन ३७ मिलिमीटर रणगाडाविरोधी तोफ सुमारे ०.७ किलोचा गोळा थोड्या कमी वेगाने फेकत असे. जड गोळा अधिक वेगाने जात असेल तर तो जास्त भेदणार, हे उघड आहे. १९४० मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या जर्मन रणगाड्यांपैकी पँझर-३ आणि पँझर-४ यांचे सर्वांत जाड चिलखत साधारण ३० मिलिमीटरचे होते. पँझर-१ आणि पँझर-२ तर त्याहून बरेच पातळ. त्या वर्षी टू-पाउंडर समोर आलेला प्रत्येक जर्मन रणगाडा नेहमीच्या लढाईच्या अंतरावरून भेदू शकत होती.

उलट बाजूचे चित्र २१ मे १९४० रोजी फ्रान्समधल्या आरास इथे दिसले. ब्रिटिशांच्या प्रतिहल्ल्यात ७४ रणगाडे होते. त्यांतल्या फक्त १६ माटिल्डा-२ रणगाड्यांवर टू-पाउंडर होती, बाकीच्यांवर केवळ मशिनगन. तरीही रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनची तारांबळ उडाली. जर्मन ३७ मिलिमीटरचे गोळे माटिल्डाच्या चिलखतावरून उडून जात होते. शेवटी ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा आणि मोठ्या व्यासाच्या मैदानी तोफा सरळ नेमाने डागून हा हल्ला थोपवावा लागला. त्या दिवशी निकामी ठरलेली तोफ जर्मनांची होती.

इटालियन रणगाड्यांच्या बाबतीत टू-पाउंडरची सद्दी आणखी वर्षभर टिकली. फेब्रुवारी १९४१ मध्ये बेडा फोम इथे माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याची वाट अडवण्यात आली, तेव्हा त्यांचे एम-१३ रणगाडे या तोफेच्या माऱ्यात सरळ सापडले.

मग वाळवंटात बिघडले काय?

‘गोळ्यात जोर कमी होता’ हे याचे नेहमीचे उत्तर. ते अर्धे खरे आहे. १९४१ मध्ये आफ्रिकेत आलेल्या पँझर-३ च्या काही प्रकारांवर मूळच्या ३० मिलिमीटर चिलखतावर आणखी ३० मिलिमीटरचा पत्रा चढवलेला होता, तर नंतरच्या प्रकारांचे पुढचे चिलखतच ५० मिलिमीटरचे होते. पण केवळ जाडीने प्रश्न सुटत नाही. त्या जादा पत्र्याचा पृष्ठभाग मुद्दाम अतिकठीण केलेला असे आणि टू-पाउंडरचा गोळा साधा, भरीव पोलादाचा, टोपी नसलेला होता. जादा पाणी दिलेल्या छिन्नीचे टोक काळ्या पाषाणावर आपटताच टवका उडून तुटावे, तसा हा गोळा चिलखतात शिरण्याआधीच स्वतः फुटे. भेदनाचे तक्ते साध्या पोलादावरच्या चाचण्यांचे असल्यामुळे हा दोष कागदावर दिसत नव्हता. टोकावर मऊ धातूची टोपी बसवली की आघाताचा पहिला धक्का ती झेलते आणि गोळ्याचे टोक शाबूत राहते. असे टोपीवाले गोळे पुढे आले, पण तोवर वाळवंटातल्या ऐन चकमकी होऊन गेल्या होत्या. तरी रणगाड्याच्या बाजूचे चिलखत ३० मिलिमीटर किंवा त्याहून पातळच राहिले होते. योग्य जागी लपवलेली टू-पाउंडर १९४२ मध्येही बाजूने पँझर-३ फोडू शके. समोरासमोरच्या सामन्यात मात्र तिचा भरवसा उरला नव्हता.

‘तिच्यासाठी स्फोटक गोळाच बनला नव्हता’

स्फोटक गोळा बनला होता. प्रश्न तो कोणाला मिळाला हा आहे. ब्रिटिश रणगाडा दलाच्या त्या वेळच्या विचारानुसार रणगाड्यावरची तोफ शत्रूच्या रणगाड्यांसाठी आणि मशिनगन पायदळासाठी. त्यामुळे वाळवंटातल्या ब्रिटिश रणगाड्यांना टू-पाउंडरचे स्फोटक गोळे दिलेच जात नव्हते. पथकागणिक मोजके रणगाडे तीन इंची हॉवित्झर घेऊन जात, पण त्यांच्याजवळ भरणा मुख्यतः धुराच्या गोळ्यांचा असे.

या तोफेच्या संदर्भात सर्वांत महागात पडलेली चूक हीच, चिलखत भेदण्यातल्या पाच-दहा मिलिमीटरच्या कमतरतेपेक्षाही मोठी. वाळूत खड्डा करून बसवलेल्या जर्मन ५० किंवा ८८ मिलिमीटर तोफेवर भरीव गोळा झाडून काही साधत नाही. तो नेमका तोफेवरच बसावा लागतो. जवळ पडलेला स्फोटक गोळा मात्र तिच्या उघड्यावरच्या तोफचींना जायबंदी करतो. स्फोटक गोळा नसल्याने ब्रिटिश रणगाड्यांना मशिनगनच्या टप्प्यात येण्यासाठी जर्मन तोफांच्या तोंडावर धावून जावे लागे आणि त्या धावेतच ते जळत. पँझर-३ ची आखूड ५० मिलिमीटर तोफ चिलखत भेदण्यात टू-पाउंडरहून फार सरस नव्हती. पण ती स्फोटक गोळे झाडू शके, त्यामुळे दूर उभे राहून ब्रिटिश तोफची टिपण्याची सोय जर्मनांना होती.

स्फोटक गोळा होता याचा पुरावा वाळवंटाबाहेर, मलायात मिळतो. १८ जानेवारी १९४२ रोजी मुआरजवळच्या बकरी गावी भारतीय ४५ व्या ब्रिगेडच्या मदतीला आलेल्या ऑस्ट्रेलियन तुकडीच्या टू-पाउंडर रस्त्यालगत मांडलेल्या होत्या. जपानी टाइप-९५ हलके रणगाडे एकामागोमाग आले. त्यांचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटरचे. चिलखतभेदी गोळे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेले आणि रणगाडे पुढे सरकतच राहिले. तेव्हा तोफचींनी स्फोटक गोळे भरले आणि नऊच्या नऊ रणगाडे त्या रस्त्यावर संपवले. टू-पाउंडर ‘जरुरीपेक्षा जास्त’ भेदते अशी तक्रार करण्याजोगा हा बहुधा एकमेव प्रसंग. त्याआधी ७ जानेवारीला स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांनी भारतीय, गुरखा आणि ब्रिटिश पलटणींची फळी फोडली होती. तिथे रणगाडाविरोधी तोफा असूनही त्यांचा फारसा उपयोग करून घेतला गेला नव्हता.

गाडा हलका की भारी?

लहान नळी म्हणून तोफ सुटसुटीत असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात टू-पाउंडरचे वजन सुमारे ८१४ किलो, म्हणजे जर्मन ३७ मिलिमीटर तोफेच्या जवळपास दुप्पट होते. त्याचे कारण गाड्यात होते. रणगाडा कोणत्याही दिशेने येऊ शकतो, तेव्हा तोफ जागच्या जागी पूर्ण फिरली पाहिजे, असा ब्रिटिशांचा आग्रह होता. म्हणून चाके काढून तीन पाय पसरायचे आणि तिपाईवर बसवल्यासारखी तोफ ३६० अंशांत फिरवायची, अशी रचना केली गेली. जर्मन तोफ गाडा न हलवता साधारण ६० अंशांतच वळत असे. शिवाय चाके काढलेली टू-पाउंडर जमिनीलगत बसे आणि लपवायला सोपी जाई. तिची दुर्बीण चांगली होती, माराही जलद. मात्र हा गाडा बनवायला किचकट आणि महाग होता, आणि तोफ मांडायला नि उचलायला वेळ लागे. धावत्या युद्धात तो वेळ मिळत नसे.

‘पोर्टे’ ट्रकवरून मारा करण्यासाठीच होते

तोफ ट्रकच्या पाठीवर लादून नेण्याच्या पद्धतीला ‘पोर्टे’ म्हणत. शब्द फ्रेंच वळणाचा आहे. युद्धाच्या आरंभी तोफा कमी पडल्या म्हणून ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून २५ मिलिमीटरच्या हॉचकिस तोफा घेतल्या होत्या. त्या ओढत नेण्याइतक्या दणकट नव्हत्या, म्हणून ट्रकवर चढवल्या जात. वाळवंटातल्या खडकाळ वाटांवर टू-पाउंडरचा गाडाही खिळखिळा होई, तेव्हा तिच्याबाबतही तेच झाले. मूळ हेतू मात्र वाहून न्यायचे आणि खाली उतरवून लढायचे असाच होता. ट्रकवरून मारा केला की जागा पटकन बदलता येई, म्हणून तोफचींनी ती सवय लावून घेतली. किंमतही मोठी मोजावी लागली. जमिनीलगत लपणारी तोफ आता उंच, चिलखत नसलेल्या ट्रकवर सर्वांच्या नजरेत येई.

२१ नोव्हेंबर १९४१ रोजी सिदी रेझेघ इथे या पद्धतीचे गुण आणि धोके एकाच प्रसंगात दिसले. रॉयल हॉर्स आर्टिलरीच्या तिसऱ्या रेजिमेंटमधील सेकंड लेफ्टनंट जॉर्ज वॉर्ड गन यांच्याकडे चार टू-पाउंडर होत्या आणि समोरून सुमारे ६० जर्मन रणगाडे आले. चारांपैकी तीन तोफा निकामी झाल्या. चौथ्या तोफेच्या ट्रकला आग लागली होती आणि तिच्या सार्जंटखेरीज सगळे तोफची पडले होते. बॅटरीप्रमुख आग विझवत असताना गन यांनी स्वतः नेम धरला आणि सार्जंटने गोळे भरले. सुमारे ८०० यार्डांवरून त्यांनी ४० ते ५० गोळे झाडले. किमान दोन रणगाडे पेटले, आणखी काहींचे नुकसान झाले आणि मग गन कपाळात गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ८०० यार्डांवरून रणगाडे पेटवणाऱ्या तोफेला खेळणे म्हणता येत नाही. पण एवढी किंमत देऊन दोन-चार रणगाडे थांबवावे लागणे हेही चांगल्या शस्त्राचे लक्षण नव्हे.

‘मोठ्या तोफेची गरज सेनाधिकाऱ्यांना कळलीच नाही’

५७ मिलिमीटरच्या सिक्स-पाउंडर तोफेचे काम १९३८ मध्येच सुरू झाले होते आणि १९४० पर्यंत आराखडा जवळपास तयार होता. तिचा गोळा सुमारे २.८ किलोचा, म्हणजे टू-पाउंडरच्या अडीचपट. तोफेचे वजन मात्र जेमतेम ४० टक्क्यांनी जास्त. हे कळायला सेनाधिकाऱ्यांना अक्कल कमी पडली नाही, आड आले ते डंकर्क. मे-जून १९४० मध्ये फ्रान्सचा किनारा सोडताना टू-पाउंडर तोफा पाचशेच्या आसपास मागे टाकाव्या लागल्या आणि इंग्लंडवर स्वारी होण्याची भीती डोक्यावर होती. कारखान्यांची साधने नव्या तोफेकडे वळवली तर १०० सिक्स-पाउंडरच्या बदल्यात ६०० टू-पाउंडरवर पाणी सोडावे लागेल, असा हिशेब पुढे आला. शिवाय नव्या तोफेवर तोफचींना नव्याने तयार करावे लागले असते. त्या उन्हाळ्यात हाताशी असलेली तोफ शक्य तितकी बनवण्याचा निर्णय समजण्याजोगा होता. पुढे स्वारीची भीती ओसरल्यावरही तो लांबला, आणि तिथे दोष द्यायला जागा आहे. सिक्स-पाउंडरचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन १९४१ च्या अखेरीस सुरू झाले आणि मे १९४२ मध्ये गझालाच्या लढाईत ती वाळवंटात दिसू लागली.

या विलंबाची एक झळ सहसा मोजली जात नाही. टू-पाउंडरचा भरवसा उरला नाही, तेव्हा २५ पाउंडर मैदानी तोफा पुढे आणून रणगाड्यांवर सरळ माऱ्यासाठी वापरल्या गेल्या. त्या हे काम बरे करत. पण त्यांचे खरे काम मागे राहून एकवटून मारा करण्याचे, आणि त्या बाजूला तोफखाना दुबळा पडे. सिक्स-पाउंडर पुरेशा मिळाल्यावरच २५ पाउंडर आपल्या कामाला मोकळ्या झाल्या.

लिटलजॉन आणि पुढचे आयुष्य

चेक अभियंता फ्रांतिशेक यानेचेक यांच्या कल्पनेवरून नळीच्या तोंडाला निमुळती होत जाणारी जोडनळी लावण्याची युक्ती निघाली. खास गोळा तिच्यातून आवळून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला ११०० मीटरच्या पुढे जाई आणि भेदनक्षमता बरीच वाढे. यानेचेक या आडनावाचे इंग्रजी रूप करून तिला ‘लिटलजॉन’ म्हणत. तिच्यामुळे ओढून नेण्याच्या टू-पाउंडरचा कायापालट झाला, हा समज चुकीचा आहे. ही जोडनळी प्रामुख्याने चिलखती मोटारी आणि हलक्या रणगाड्यांवर वापरली गेली, तीही १९४३ नंतर. ती बसवली की स्फोटक गोळा झाडता येत नसे, त्यामुळे अनेक चालक पथके ती काढून ठेवत.

सिक्स-पाउंडर आल्यावर तोफखान्याने सोडलेल्या टू-पाउंडर पायदळाच्या पलटणींकडे गेल्या आणि डेमलर चिलखती मोटारीत ही तोफ युद्ध संपेपर्यंत टिकली. प्रशांत महासागराच्या आघाडीवर जपानी रणगाड्यांचे चिलखत पातळच राहिले, आणि ऑस्ट्रेलियन माटिल्डांना स्फोटक गोळेही मिळत होते. न्यू गिनी, बूगनव्हिल आणि १९४५ मध्ये बोर्निओतल्या जंगलांत या माटिल्डा ओंडक्यांच्या जपानी बंकरांवर टू-पाउंडरनेच मारा करत होत्या.