स्कूटीच्या पोटात काय चालतं?

गॅरेजवाला "प्लग गेला", "पिस्टन घासला" म्हणतो आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. यातला फरक कळायला हवा.

सिलिंडरमध्ये पिस्टन सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा वर-खाली होतो. एका व्हॉल्व्हमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन ते दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. भडक्याने पिस्टन खाली ढकलला जातो. वर येताना तो दुसऱ्या व्हॉल्व्हमधून धूर बाहेर लोटतो. शिलाई मशीनच्या पायडलचा दांडा चाक फिरवतो, तसा कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्ट फिरवतो.

प्लग बदलणं स्वस्त. पिस्टनसाठी इंजिन खोलावं लागतं. ऑइल संपलं की पिस्टन घासतो. म्हणून अधूनमधून गाडी मेन स्टँडवर लावून डिपस्टिकवर ऑइल बघा. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या!