विकासाचा ताळेबंद (भाग ६) : विखरणची पाच एकर

गेल्या आठवड्यात आपण जीडीपी कसा मोजतात ते पाहिले. राष्ट्रीय उत्पन्नाची ही मोजदाद ज्यांनी बसवली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला बजावले होते, की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. त्यांना काय म्हणायचे होते, ते दोंडाईच्याजवळच्या विखरणमध्ये नीट कळते.

शिंदखेडा तालुक्यातल्या या गावाची जमीन २००९ च्या सुमारास औष्णिक वीज प्रकल्पासाठी संपादित व्हायला लागली. विजेची गरज खरीच होती. भारनियमनामुळे रात्री-अपरात्री पिकाला पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ती कुणी समजावून सांगायला नको. इथले शेतकरी धर्मा पाटील यांच्या सुमारे पाच एकरांचा मोबदला निघाला साधारण चार लाख रुपये. आंब्याच्या बागेची योग्य नोंद झाली नाही आणि शेजाऱ्यांना कितीतरी जास्त रक्कम मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी मंत्रालयात जीवन संपवण्याचा प्रयत्न केला आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. फेरमूल्यांकनाची चक्रे त्यानंतर फिरली. ज्या औष्णिक प्रकल्पासाठी जमीन घेतली, तो तर उभा राहिलाच नाही. पुढे त्या जागेसाठी सौरऊर्जेची योजना आली.

आता हाच व्यवहार जीडीपीच्या वहीत बघा. प्रकल्प उभा राहिला असता, तर त्याचे सिमेंट, पोलाद, मजुरी आणि तयार होणारी वीज हे सगळे वाढ म्हणून जमा झाले असते. बाग गेली की तिच्या फळांचे वार्षिक उत्पन्न तेवढे कमी होते. म्हातारपणी गेलेला आधार, बांधावर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे बुडालेले दिवस आणि हेलपाट्यांत गेलेली वर्षे यांना त्या वहीत रकानाच नाही.

कायद्याने हा रकाना थोडाफार आखला आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम होती. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला १ ते २ चा गुणक लागतो, त्यात झाडे आणि विहिरीची किंमत मिळवली जाते आणि या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. गुणक २ असेल, तर १ लाखाच्या जमिनीचे ४ लाख होतात. त्याहून महत्त्वाची तरतूद म्हणजे संपादनाआधीचे सामाजिक परिणामांचे मूल्यमापन. जमीन कसणारे आणि त्या जमिनीवर राबणारे मजूरही त्यात मोजायचे असतात.

वाढ आणि माणसाचे भले यांचे हाडवैर नाही, हेही दोंडाईच्यातच दिसते. इथल्या स्टार्चच्या कारखान्याला मका लागतो. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर राहते आणि हंगामामागून हंगाम त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते. मोबदला एकदाच हातात पडतो, उत्पन्न दरसाल येते. कोणताही प्रकल्प तोलताना हा फरक आधी धरायला हवा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ज्या प्रकल्पाच्या अहवालात मेगावॉट आहेत पण माणसांचे नुकसान नाही, त्याचा हिशेब अपुरा आहे. तो पुरा झाल्याशिवाय भूमिपूजनाचा नारळ फोडू नये.

वाचकांनी एक काम मात्र आजच करावे. आपला सातबारा काढून बारा नंबरच्या नोंदी तपासाव्यात. विहीर, फळझाडे, बागायत पीक कागदावर नसेल, तर मूल्यांकनाच्या वेळी बागायत जमीनही जिरायत ठरते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः करता येते. ती दर हंगामात करावी.

(पुढील भागात : शिरपूर तालुक्यातले नाले आणि पाण्याचा ताळेबंद)