साथ कुणाच्या वस्तीत जास्त पसरली? आकडे काय सांगतात

टेंभी नाक्यावरचं ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल २०२० मध्ये कोविडच्या पेशंटसाठी राखून ठेवलं होतं. त्या दिवसांत ‘कोरोना अमुक लोकांनीच पसरवला’ हे वाक्य आम्ही मुसलमानांनी किती वेळा ऐकलं, त्याचा हिशोब नाही. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या २९ परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. पण नवी साथ आली की ते वाक्य पुन्हा निघतं. म्हणून संसर्ग कुणात किती होता, हे मोजणाऱ्यांना काय आढळलं ते बघू.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. टेस्ट पॉझिटिव्ह आलेले तेवढेच बाधित, असं नसतं. पुष्कळांना विषाणू लागून जातो आणि साधा तापही येत नाही. पण शरीर त्याच्याशी लढतं, त्याची खूण म्हणजे अँटीबॉडीज. त्या रक्तात आहेत का हे पाहतात, त्याला सेरो सर्वेक्षण म्हणतात.

आपल्या शेजारी मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी असं सर्वेक्षण केलं. माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर हे तीन वॉर्ड घेतले, ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला निघाला. त्याच वॉर्डांतल्या बिल्डिंगमध्ये फक्त १६ टक्के! बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्त होतं. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टी ४५ आणि इतर वस्ती १८ टक्के, म्हणजे दरी राहिलीच.

वॉर्ड तेच, महिना तोच, मग एवढा फरक कशाने? महापालिकेने स्वतःच दाट वस्ती आणि सार्वजनिक संडास, पाण्याचे नळ यांचं कारण दिलं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, त्यात आजारी माणसाला वेगळं ठेवणार कुठे? मुंब्रा-राबोडीतल्या कितीतरी घरांना हे समजावून सांगायची गरज नाही. त्या चाळी-झोपड्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळेच राहतात. विषाणूने कुणाचं नाव विचारलं नाही.

पुढे ही दरी बुजत गेली. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी चौथ्या फेरीत सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडीज सापडल्या (यात लसीमुळे आलेल्याही धरल्या आहेत). शहरात ६९.६, खेड्यात ६६.७. आरोग्य कर्मचाऱ्यांत मात्र ८५.२ टक्के. आणि शाळा बंद असूनही ६ ते ९ वर्षांच्या मुलांत ५७.२! आम्हा शिक्षकांना हा आकडा विशेष वाटला. मुलं वर्गात नव्हती, पण घरात तर होती.

तरी सगळंच खोलीच्या मापावर ढकलून चालणार नाही, हेही आपल्या लोकांत बसून बोललं पाहिजे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, भिवंडी आणि मालेगावातही पेशंट निघाले. गोवर इतका झपाट्याने लागतो की जवळ आलेल्या दहा असुरक्षित माणसांपैकी नऊ जणांना होऊ शकतो. तिथेही गर्दी होतीच, पण जुलै २०२० मध्ये कोविडची लस नव्हती आणि गोवरची मात्र कित्येक वर्षांपासून आहे. आजारी पडलेल्यांत बहुतेक मुलं डोस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली होती. काही घरांत अफवेमुळे, काही घरांत रोजगार बुडतो म्हणून डोस राहिला. ही दोन कारणं वेगळी आहेत. पहिल्यासाठी इमाम साहेबांनी जुम्म्याला दोन शब्द बोलावेत, दुसऱ्यासाठी गल्लीतच कॅम्प लागावा.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. राहून गेला असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत घेता येतो. जाताना मुलाचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्यावं.